काट्याला बोट

१४ ऑगस्ट

बाबा,

वर ‘तीर्थरूप’ लिहिणार होते. पण जो माणूस महिनाभर माझा फोन उचलत नाही, त्याला तीर्थरूप म्हणायला हात वळेना. तेव्हा नुसतं बाबा. पत्र लिहायची कल्पना आईची. म्हणाली, “त्यांना कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही, सामानाच्या पुडीचासुद्धा वाचतात.” तर ही पुडी समजा आणि वाचा.

मी इथे नीट पोचले, हे तुम्हाला माहीतच आहे. मी आईशी फोनवर बोलायला लागले की तुम्ही शेजारच्या खोलीतला रेडिओ बंद करता, हेही आईनेच सांगितलं. रेडिओ बंद करून कान लावायचा, पण फोन हातात घ्यायचा नाही. तुमच्या वयाला शोभतं का हे?

मला बसायला विद्यापीठाच्या तळघरात एक टेबल मिळालंय. खिडकी आहे, पण उघडली की समोर जनरेटर धडधडतो आणि बंद केली की कोंदट वास येतो. टेबलाचा एक पाय आखूड आहे. माझ्या आधीच्या विद्यार्थ्याने त्याच्याखाली स्वतःच्या प्रबंधाचा कागद दुमडून घातलाय. वाकून वाचलं, तर वर ‘निष्कर्ष’ असं छापलेलं होतं. चार-पाच वर्षं डोकं फोडून शेवटी एवढाच उपयोग होणार असेल तर आत्ताच सांगा, मी परत येते.

आपल्या कारखान्यात डझनभर माणसं मला विचारल्याशिवाय वजनकाट्याचा स्क्रू हलवायची नाहीत. इथे स्टेपलर हवा असला तर ऑफिसातल्या बाईंपुढे उभं राहावं लागतं. त्या चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, “कशाला?” स्टेपलर कशाला लागतो, बाबा? त्याने काय मी भाजी चिरणार आहे?

वर्गात सगळ्यांत मोठी मीच. बाकीची पोरं कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेली. त्यातल्या सगळ्यांत लहान मुलाला मी ‘पेन्शनर’ म्हणते. पंचविशीही गाठलेली नाही, पण कायम छत्री, कायम थर्मास, आणि बोलणं असं की आत्ता कुणाच्या तरी निरोप समारंभाला उभा राहिलाय. माझं टेबल त्याच्याच शेजारी.

आणि वाचन! व्यवस्थापनात डॉक्टर व्हायचं म्हणजे काहीतरी व्यवस्था लावायला शिकवतील अशी माझी भाबडी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात एक जाडजूड लेख दिला. त्याचं सार सांगू? ज्या मालकाने कामगाराचं ऐकून घेतलं, त्याचा कामगार टिकतो. बस. हे शोधायला तिघे विद्वान लागले. मी वर्गात म्हटलं, “हे तर कुणीही सांगेल.” माझ्या गाइड मॅडम एरवी कशालाही “हं” एवढंच म्हणतात. त्या म्हणाल्या, “हं. कुणीही सांगेल, हे तुम्हाला कशावरून कळलं?”

आता मुद्द्याचं. मी पळून आलेली नाही. आठ वर्षं तुमच्या शेजारी बसून वजनकाटे केले, विकले, दुरुस्त केले. तुम्ही एक दिवस मला हाक मारून रस्त्यावर उभं केलंत आणि वर बघ म्हणालात. कारखान्याच्या नव्या बोर्डावर आडनावापुढे ‘आणि कन्या’ रंगवलेलं. मी रडायला लागले, तुम्हाला वाटलं आनंदाने. प्रवेश मिळाल्याचं पत्र तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं. रंग ओला असतानाच मी तुम्हाला सांगितलं, माझी वेळ चुकली, कबूल. पण बोर्ड रंगवण्याआधी तुम्ही मला एका शब्दाने विचारलं होतं का, की बाई गं, तुला हे हवंय का?

तुम्ही काय केलंत? टेबलावरचं ते छोटं पितळी वजन उचललंत, ठेवलंत. उचललंत, ठेवलंत. बोलायचं नसलं की तुमचं हेच असतं. मग म्हणालात, “जा.” त्यानंतर आजतागायत तोंडातून चकार शब्द नाही.

मी लिहीत राहणार. तुम्ही बसा गुळणी धरून.

बोर्डावरची,
कन्या


१८ सप्टेंबर

बाबा,

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. पण आई म्हणते, पत्र दोनदा वाचून तुम्ही ते चष्म्याच्या डब्याखाली ठेवलंत. तेवढ्यावर हुरूप आलाय बघा मला, म्हणजे माझी काय अवस्था असेल!

आज संख्याशास्त्राच्या तासाला माझं टाळकं सटकलं. सर शिकवत होते की मोजमाप चांगलं आहे की नाही ते कसं ओळखायचं. उदाहरण कशाचं घ्यावं? काट्याचं! म्हणे, एखादा काटा रोज दोन किलो जास्तच दाखवत असेल, तर तो खरा नाही, पण विश्वसनीय आहे, कारण रोज तेच दाखवतो. माझा हात आपोआप वर गेला. म्हटलं, “सर, असा काटा आमच्याकडे आला तर आम्ही त्याला विश्वसनीय म्हणत नाही. सील तोडून बाजूला ठेवतो.” पोरं खिदळली. सर शांतपणे म्हणाले, “तुमच्याकडे ताडून बघायला प्रमाण वजन असतं. माणसाचा विश्वास, माणसाचा राग मोजायला निघालात तर ताडून कशाशी बघणार?”

मी खाली बसले. चिडचिड झाली ती यामुळे, की बरोबर होतं त्यांचं.

विषयाचं भिजत घोंगडं आहेच. मी चार विषय घेऊन गेले, चारही वेळा मॅडम “हं” म्हणाल्या. या ‘हं’चे प्रकार मला आता ओळखू यायला लागलेत. लांब ‘हं’ म्हणजे हे कुणीतरी आधीच केलंय. आखूड ‘हं’ म्हणजे हे कुणीही करू नये. चौथ्या वेळी मी वैतागले आणि तोंडाला येईल ते बोलून गेले. म्हटलं, “मॅडम, एका कारखान्यात बाप आणि मुलगी आठ वर्षं शेजारी शेजारी बसले. काट्यांवर बोलले, गिऱ्हाइकांवर बोलले, जेवणात मीठ कमी पडलं त्यावरही बोलले. पण पुढे हा कारखाना कोण चालवणार, यावर एकदाही बोलले नाहीत. असं का होतं, यावर आहे का तुमच्याकडे एखादा लेख?”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “हा विषय घ्या.”

तर अभिनंदन बाबा, तुमच्या गप्प बसण्यावर मी आता डॉक्टरेट करतेय.

अक्कलदाढ उठलीय. डावीकडचा गाल असा सुजलाय की पेन्शनरने थर्मासमधलं गरम पाणी गुळण्यांना दिलं. दातांच्या डॉक्टरांकडे जायला वेळ नाही. आईला सांगू नका, म्हणजे सांगालच कसं म्हणा, त्यासाठी आधी कुणाशी तरी बोलावं लागतं.

कन्या


९ नोव्हेंबर

बाबा,

एक काम आहे. रागावलेल्या माणसाला काम सांगणं बरं दिसत नाही, पण तुमच्याशिवाय हे होणार नाही.

मला लहान-मोठे कारखाने चालवणाऱ्या मालकांच्या मुलाखती हव्यात. असे मालक, ज्यांची मुलं त्यांच्याबरोबर काम करतात किंवा करायची. सोबत निवेदनाचा कागद आहे. ज्याला बोलायची तयारी असेल त्याने खालच्या नंबरवर फोन करायचा. नाव विचारणार नाही, फक्त क्रमांक देऊ. तुमचे ते पंपवाले स्नेही, कुलूपवाले, आणि ते दोरखंडवाले, ज्यांच्या मुलाचं आणि त्यांचं गोदामातच वाजलं होतं, त्यांना हा कागद द्याल का? बोलू नका त्यांच्याशी हवं तर. नुसता पुढे सरकवा.

फोनवर मी नसेन. मुलाखत पेन्शनर घेणार. हा मॅडमचा फतवा. म्हणाल्या, “तुम्ही स्वतः अशा घरातून आलात. समोरच्याच्या तोंडात तुमची वाक्यं घालाल.” मी म्हटलं, मी कशाला घालीन? त्या म्हणाल्या, “आत्ताच माझं वाक्य तुम्ही दोनदा तोडलंत.” तर अशी वाटणी झाली. माझ्या मुलाखती पेन्शनर घेणार, त्याच्या मी. त्याचा विषय आहे हॉटेलातली माणसं नोकरी का सोडतात. मुलाखतीचं रेकॉर्डिंग नंतर माझ्याकडे येतं, आणि मी ते ऐकून शब्दन् शब्द लिहून काढते. खोकला, थांबणं, खुर्चीची करकर, सगळं लिहायचं. माणूस गप्प बसला तर कंसात ‘शांतता’ लिहायचं. तुमची मुलाखत घेतली असती तर नुसते कंसच कंस झाले असते.

आणि हो, नातेवाईक चालत नाहीत, हे आधीच सांगते. संशोधन करणाऱ्याच्या घरचं माणूस बोललं तर ती मुलाखत बाद. तुम्ही बोलाल अशी काही भीती नाही, पण नियम आहे म्हणून कळवलं.

दाढ आहे तशीच आहे.

कन्या


२१ जानेवारी

बाबा,

हात टेकले मी. मालक लोक फोनच करत नाहीत. जे करतात ते पेन्शनरपुढे अवघडतात. तो प्रश्न विचारत नाही, वाचून दाखवतो. “आपल्या उद्योगाची धुरा भविष्यात कोणाकडे सोपवण्याचा आपला मानस आहे?” आता सांगा, असं विचारल्यावर माणूस मोकळेपणाने बोलेल का? एकाने तर फोनवर विचारलं, “आपण सरकारी खात्यातून बोलताय का?” आणि ठेवून दिला.

मार्चमध्ये समितीपुढे उभं राहायचंय. पहिल्या वर्षाचं काम बघून ते ठरवणार, की दुसऱ्या वर्षात घ्यायचं की गाठोडं बांधून घरी पाठवायचं. मॅडमनी जेवढ्या मुलाखती सांगितल्या, तेवढ्या झाल्या नाहीत तर माझं काही खरं नाही. आणि झाल्यात त्या अशा, की सगळे मालक एकच सांगतात, “आमचं उत्तम चाललंय, मुलगा आज्ञाधारक आहे.” सगळ्यांचाच मुलगा आज्ञाधारक! मग दोरखंडवाल्यांच्या गोदामात त्या दिवशी कोण भांडत होतं?

पंपवाल्यांना कागद दिलात का? आईला विचारलं तर ती म्हणते, तो कागद तुमच्या खिशात आहे. खिशात ठेवायला नव्हता दिला, बाबा.

कन्या


२४ फेब्रुवारी

बाबा,

विशेष काही नाही. एक मुलाखत आली. संख्या पुरी झाली.

तुम्हाला खोकला झालाय का? सहज विचारलं.

थंड पाणी पिऊ नका.

कन्या


१७ मार्च

बाबा,

मागच्या वेळी खोकल्याचं सहज विचारलेलं नव्हतं. तुम्हालाही ते कळलं असणार. तुम्ही काय दुधखुळे आहात?

गेल्या महिन्यात पेन्शनर खुशीत आला आणि म्हणाला, “एक गृहस्थ अतिशय मोकळेपणाने बोलले. आपलं काम झालं.” मी टेबलाशी बसले, कानाला हेडफोन लावले, चहा शेजारी ठेवला. आधी काहीच बोलणं नव्हतं. नुसता एक आवाज. धातू लाकडावर ठेवल्याचा. ठक. थोडं थांबून पुन्हा ठक. मी सवयीने लिहिलं, ‘धातूचा आवाज’. आणि मग हात थांबला. ते वजन मी जन्मापासून ऐकतेय, बाबा. तुम्ही तोंड उघडण्याआधीच मला कळलं.

चहा गार झाला. जनरेटर सुरू झाला, बंद झाला. मी ते तिथेच बसून संपूर्ण ऐकलं आणि तळघरात सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. पेन्शनरने छत्री उघडून माझ्या पुढ्यात आडोशाला धरली. वेडा आहे, पण मनाचा चांगला आहे.

आधी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, “तू विचारायचं असतं ना, आमच्या विभागात कुणी नात्याचं आहे का म्हणून?” तो म्हणाला, “विचारलं. ते म्हणाले, आहे एक, पण सध्या बोलणं नाही.” म्हटलं, “मग?” तर म्हणतो, “नातेवाईक टाळायचे ते प्रभाव पडू नये म्हणून. बोलणंच नसेल तर प्रभाव कुठून पडणार? म्हणून मी ‘नाही’ लिहिलं.” काय म्हणावं या माणसाला! अशी चूक करायला भरपूर शिकावं लागतं.

पण त्याच्यावर चिडून काय उपयोग, खरे अपराधी तुम्ही. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाच्या काट्याला बोट लागू दिलं नाही, जो वजन करताना स्वतःचा सदरासुद्धा ताटलीला लागू देत नाही, त्याने स्वतःच्या पोरीच्या अभ्यासात बोट घातलं. मी स्पष्ट लिहिलं होतं, नातेवाईक चालत नाहीत. कागद पंपवाल्यांना द्या म्हटलं होतं. तुम्ही तो खिशात घेऊन फिरलात, आणि साडेतीन महिन्यांनी फोन केलात. आम्हाला वाटलं होतं, आपले बाबा सरळमार्गी!

तुम्ही काय काय बोललात ते आता आठवणीतून लिहिते. आठवणीतून का, ते पुढे सांगते.

पेन्शनरने विचारलं, धुरा कोणाकडे सोपवण्याचा मानस आहे. तुम्ही म्हणालात, “काय आहे?” तो म्हणाला, “मानस.” तुम्ही म्हणालात, “सरळ विचार रे बाबा. पुढे कोण चालवणार, असंच ना? बोर्डावर लिहिलंय.” त्याने विचारलं, मग कन्या कामावर येते का. तुम्ही म्हणालात, “नाही. ती शिकायला गेलीय. बाप बोलत का नाही, यावर डॉक्टर व्हायचंय तिला. मला विचारलं असतं तर घरबसल्या सांगितलं असतं.”

इथे मी हसले. हसताना दाढ दुखली.

मग तो म्हणाला, “सांगा ना.” ही त्याची यादीबाहेरची पहिलीच गोष्ट. आणि तुम्ही गप्प. मी ‘शांतता’ लिहिलं. मग ठक. मग तुमचा खोकला. मग तुम्ही म्हणालात, “राग नाही हो आता. होता. बोर्ड रंगवला त्या दिवशी होता, पुढे थोडे दिवस होता. मग गेला. पण तोवर न बोलायची सवय झाली. फोन वाजतो, माझा हात जातो, आणि मग वाटतं, उचलून काय म्हणू? इतके दिवस का उचलला नाही, याचं काय सांगू? म्हणून नाही उचलत. दुसऱ्या दिवशी त्या कालच्या दिवसाचंही सांगावं लागणार असतं. असं साठत जातं.”

बाबा, मी इथे आल्यापासून जे वाचलं त्यात कुणी हे लिहिलेलं नाही. मॅडमना विचारलं, कुठल्याच लेखात नाही.

आणि पुढे तुम्ही म्हणालात, “आठ वर्षं ती म्हणत होती, हे बदलू, ते बदलू, इलेक्ट्रॉनिक काट्यांचा वेगळा विभाग काढू. मी म्हणायचो, बघू. तिला वाटलं, मी ऐकत नाही. मी ऐकत होतो. नुसतं बघू म्हणत होतो. मग बोर्ड रंगवला. म्हटलं, एकदम सगळंच देऊन टाकतो, म्हणजे बोलावं लागणार नाही.”

हे मी तीन वेळा मागे नेऊन ऐकलं. आठ वर्षं मी तुमच्यावर धुसफुसत होते, की हा माणूस दगड आहे. आणि तुम्ही तिकडे रंगाऱ्याला बोलावत होतात. अहो, पण तोंड होतं ना तुम्हाला? एवढंसं वाक्य होतं, “बरोबर आहे तुझं.” त्याला रंगारी कशाला लागतो? राग येतो मला अजून. रडू पण येतं. दोन्ही एकदम येतं आणि मग दाढ ठणकते.

शेवटी पेन्शनरने आभार मानले. तुम्ही विचारलंत, “हे लिहून कोण काढणार?” तो म्हणाला, “आमची एक सहकारी ऐकून लिहिते.” पुन्हा शांतता. मग तुम्ही म्हणालात, “मग तिला सांगा, पत्रं मिळतात. सगळी वाचली. आणि म्हणावं ती दाढ काढून घे, अंगावर काढू नकोस, तुझी नेहमीची सवय आहे ही, ताप चढेपर्यंत सांगायचं नाही.” सुरुवातीला ‘तिला’ म्हणत होतात. मधेच ‘तू’ झालं. पेन्शनरला काही कळलं नाही. तो म्हणाला, “मी आपला निरोप पोचवीन.”

आता ऐका. दोन आठवडे मी ती मुलाखत तशीच ठेवली. नुसता क्रमांक होता वर, कुणाला कळणार नव्हतं. पेन्शनरच्या लेखी ती नियमात बसत होती. संख्या पुरी होत होती. आणि बाबा, ती सगळ्यांत चांगली मुलाखत होती, बाकीच्या आज्ञाधारक मुलांच्या बापांपुढे शंभर नंबरी सोनं. ती एक ठेवली असती तर समितीने माझी पाठ थोपटली असती. मी स्वतःला सांगून बघितलं, की कुणाचं काय बिघडतं?

नाही जमलं. कारखान्यात एखाद्या गिऱ्हाइकाने “थोडं सैल ठेवा हो” म्हटलं, की तुम्ही त्याच्याकडे जसं बघायचात, तसं कुणीतरी माझ्याकडे बघतंय असं सारखं वाटायला लागलं. शेवटी मॅडमकडे गेले आणि सांगितलं, हा माणूस माझा बाप आहे. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, “हं.” हा ‘हं’ मी आधी कधी ऐकला नव्हता. मग म्हणाल्या, “ऐकताना फार त्रास झाला का?” मी मान हलवली. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नियम सांगितला. बाद केलेली मुलाखत ठेवता येत नाही. रेकॉर्डिंग आणि लिहून काढलेलं, दोन्ही पुसायचं. मी म्हटलं, “मॅडम, हा आवाज मी सात-आठ महिन्यांनी ऐकलाय.” त्या म्हणाल्या, “म्हणून मी तुम्हाला आजच्या आज पुसा असं म्हणत नाही. उद्या पुसा.”

दुसऱ्या दिवशी पुसलं. संगणकाने विचारलं, नक्की पुसायचं का? तोसुद्धा दोनदा विचारतो, बाबा.

काल समिती झाली. अध्यक्षांनी विचारलं, “एक मुलाखत कमी का?” मी म्हटलं, “एक होती, फार चांगली होती. वडिलांची निघाली, म्हणून बाद केली.” ते म्हणाले, “तुमच्या वडिलांना माहीत नव्हतं का चालत नाही ते?” म्हटलं, “चांगलं माहीत होतं.” समितीतले एक गृहस्थ खाली बघून हसले. पण हसून सोडलं नाही. आणखी एक मुलाखत आणा, तोवर दुसऱ्या वर्षाचा निर्णय नाही, असं सांगितलं. म्हणजे माझं वर्ष तुमच्यापायी टांगणीला लागलंय. आता तरी पंपवाल्यांना कागद द्या. दुसरा पाठवतेय, खिशातला चुरगळला असेल.

तर स्थिती अशी आहे. तुम्ही जे बोललात ते जगात आता कुठेही नाही. माझ्याकडे नाही, पेन्शनरकडे नाही. मी वर लिहिलंय ते माझ्या शब्दांत आहे, आणि मी समोरच्याच्या तोंडात माझी वाक्यं घालते, असं मॅडमचं म्हणणं आहे. उद्या माझंच मला वाटायला लागेल, की तुम्ही असं बोललाच नव्हतात. तेव्हा तुम्हाला ते पुन्हा म्हणावं लागणार. यावेळी क्रमांक नाही, पेन्शनर नाही, धुरा नाही.

इतके दिवस फोन का उचलला नाही, ते मी विचारणार नाही. आई शप्पथ विचारणार नाही. ते सगळं साठलेलं माफ.

तुमचं ऐकून दाढ काढायची ठरवलीय. येत्या शनिवारी सकाळी. डॉक्टरांनी बजावलंय, दिवसभर तोंडात कापूस राहील आणि एक अक्षर बोलायचं नाही. तेव्हा शनिवारी संध्याकाळी फोन करा. तुमचं वाक्य तोडायला मी नसेन. मला फक्त ‘हं’ म्हणता येईल. बाकी सगळं तुम्हालाच बोलावं लागेल.

कन्या